भैरवगढचा उलटा फोन

फोन वाजला तेव्हा मी इंदूरला आमच्या सोसायटीच्या बैठकीत बसलो होतो. पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांची जुंपली होती आणि मी सचिव म्हणून मधे. टेबलावरच्या फोनवर नाव उमटलं, 'मेकॅनिक फ्रीगंज'. एक रिंग झाली, दुसरी झाली, मी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. शेजारच्या शर्माजींनी विचारलं, "जरूरी तो नहीं?" मी म्हटलं, "नहीं नहीं, मैकेनिक है." संध्याकाळी बायकोच्या फोनवर माधवच्या मुलीचा, नंदिनीचा फोन आला तेव्हा कळलं की सकाळचा तो फोन माधवचा नव्हता. त्याच्या फोनवरून तिनं केलेला होता. माधव दुकान उघडायला निघाला, दारात चप्पल घालायला वाकला आणि तसाच पायरीवर बसला... दुपारी चक्रतीर्थाच्या स्मशानात सगळं आटोपलंही होतं. इंदूर ते उज्जैन तासा-दीड तासाचा रस्ता. पहिल्याच वेळी फोन उचलला असता तर मी खांदा द्यायला पोचलो असतो.

त्याला आता पाच आठवडे झाले. माधव पोतनीस माझा शाळेपासूनचा मित्र. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि हा लेख वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याच्याकडून रेडिओ, टीव्ही, नाहीतर मोबाईल दुरुस्त करून घेतलेला असेल. त्यांतल्या काहींनी त्याच्याबद्दल एक गोष्टही ऐकलेली असेल. पोतनीस चोरीचा माल वापरतो, म्हणून त्याला मोबाईल कंपनीचं सर्व्हिस सेंटर मिळालं नाही, अशी. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे माधवखेरीज फक्त मला ठाऊक होतं आणि मी वीस वर्षं गप्प बसलो. आज त्याच्याबद्दल चांगल्या चार ओळी लिहायला बसलो तर पहिल्या ओळीपाशीच ही गोष्ट आडवी येते. ती बाजूला सारून मला पुढे जाता येत नाही.

माधवचे वडील, अण्णा, आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. घराणं जुनं, दरबारी. माधव म्हणायचा, "आमच्या पूर्वजांकडे सरकारी खजिन्याच्या किल्ल्या होत्या. माझ्याकडे दुकानाची आहे, आणि तीपण अडकते." अण्णांची इच्छा त्यानं बँकेत लागावं अशी. हा बी.एस्सी. अर्धवट सोडून सोल्डरिंग आयर्न घेऊन बसला. तेव्हा बाजार नुकता उघडल्यासारखा झाला होता. दर महिन्याला फ्रीगंजच्या काचांमागे नवीन काहीतरी दिसायचं. रंगीत टीव्ही, मग टीव्हीला जोडायचे गेम, मग हातात मावणारे राखाडी पडद्याचे ब्रिक गेम, ज्यात वरून तुकडे पडतात आणि खाली त्यांची भिंत रचायची. हे गेम चीनहून यायचे, पंधरा दिवसांत बिघडायचे आणि माधवच्या काउंटरवर येऊन पडायचे. दुरुस्त झाल्यावर तो प्रत्येक गेम स्वतः खेळून बघायचा, आणि त्यात इतका रमायचा की गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं. "भैया, हो गया क्या?" "हो गया, बस ये लाइन पूरी हो जाए."

मग मोबाईल आला. मी एका मोबाईल कंपनीच्या वितरकाकडे विक्रीचं काम करत होतो. स्कूटरवरून उज्जैन, देवास, शाजापूर फिरायचो. कॉलचे दर असे की फोन कानाला लावायची भीती वाटायची. त्यातून आपल्याकडे मिस्ड कॉलची रीत पडली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे ये, चहा सांगितलाय. ही आमची दोघांची भाषा होती. मी फ्रीगंजमधे कुठल्याही दुकानात असलो तरी चारच्या सुमाराला खिशात दोन रिंगा वाजायच्या आणि बंद व्हायच्या. दुकानदार हसायचे, "जाओ भिया, पोतनीस का बुलावा आ गया."

याच सुमाराला एका परदेशी कंपनीनं फोन आणि हातातला गेम एकत्र असलेलं यंत्र काढलं. एका डॉक्टरच्या मुलानं ते बाहेरून आणवलं आणि आठ दिवसांत माधवकडे दुरुस्तीला टाकलं. मी गेलो तेव्हा माधव ते उभं धरून, कड कानाला लावून आरशात बघत होता. "दिल्या, बघ. बोलायचं तर असं धरायचं. कानावर कंगवा फिरवून राहिल्यासारखं वाटतंय का नाही? आणि गेम बदलायचा तर बॅटरी काढा. म्हणजे फोन बंद करा. हे ज्यानं बनवलं ना, त्यानं कोणाला खेळताना बघितलेलंच नाहीये." मग गंभीर झाला. म्हणाला, "खरी गोष्ट त्यांना समजलीच नाही. दिवसात वीस मिस्ड कॉल येतात आपल्याला. दर वेळी खेळ मरतो. फोन आला तर खेळ थांबला पाहिजे, मेला नाही पाहिजे. रिंग बंद झाली की आपोआप पुढे चालू. बस, एवढंच पाहिजे."

मला ते इतकं साधं वाटलं की मी हसलो. पण तो तीन महिने त्यामागे लागला. ब्रिक गेमचा बोर्ड आणि मोबाईलचा बोर्ड एका बॅटरीवर आणले. फोन वाजताना थरथरणारी छोटी मोटर असते, तिच्या तारेतून एक जोड काढून गेमच्या थांबवायच्या बटणाला दिला. रिंग आली की तुकडा हवेत थांबायचा, रिंग गेली की पडायला लागायचा. मी विचारलं, "आणि फोन उचलला तर?" तो म्हणाला, "उचलला तर खेळ परत सुरू होईल आणि भिंत कोसळेल. पण भिया, आपल्याकडे फोन उचलतो कोण?" आणि स्वतःच खोखो हसला. तो दोष कंपनीचे इंजिनियर काढतील, असं त्याचं म्हणणं. त्याला विकायचं नव्हतंच काही. कंपनीच्या माणसाला एकदा दाखवायचं होतं. आमच्या कंपनीचं उज्जैनचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तेव्हा द्यायचं होतं आणि माधवनं त्यासाठी अर्ज केला होता. तो म्हणायचा, "हे बघितल्यावर त्यांना समजेल की मी नुसता मेकॅनिक नाही." आणि हेही खरं की घरी अण्णा अजून त्याच्या दुकानाला 'ते तुझं टपरीचं' म्हणायचे. कंपनीची पाटी लागली असती तर अण्णा एकदा तरी तिथे येऊन बसले असते.

मोबाईलचा बोर्ड त्याला मी दिला होता. दुकानांत दाखवायला कंपनी जे नमुना-सेट देते त्यांतला एक. त्यानं मागितला नव्हता. तो जुन्या बाजारातून एखादा शोधत होता, आणि मीच म्हटलं, "हा घे, बिघडला म्हणून सांगतो वर." तेव्हा मला त्यात गैर असं काही वाटलं नाही. मित्राच्या कामात आपला हात आहे याचा अभिमानच वाटला.

राहिली ती वरची पेटी. प्लॅस्टिकची पेटी बनवणं आमच्या आवाक्याबाहेरचं. माधवच्या डोक्यात उज्जैनजवळचं भैरवगढ आलं. तिथे कापडावर छपाई होते आणि त्या छपाईचे लाकडी ठप्पे कोरणारे हनीफचाचा म्हणून जुने कारागीर होते. सागवानात सुतासारखी वेल कोरायचे. माधवनं पातळ कागदावर पेटीचा नक्शा काढला. मधे गेमचा पडदा, वर फोनचा छोटा पडदा, डावीकडे दिशांची चार बटणं, उजवीकडे तुकडा फिरवायचं एक, पाठीवर नंबरांची बटणं. कागद माझ्या हातात देताना म्हणाला, "दिल्या, चाचांना एक गोष्ट मात्र सांग. हा ठप्पा नाही. ह्याच्यानं छापायचं नाही, हा हातात धरायचा आहे. कागदावर आहे तस्साच कोरायचा."

मी त्या दिवशी घाईत होतो. भैरवगढच्या वाटेवर एका दुकानदाराला गाठायचं होतं. चाचा नमाजाला गेले होते. मी कागद त्यांच्या मुलाकडे दिला, "पोतनीसजी का है, जल्दी चाहिए" एवढं म्हणालो आणि निघालो.

आठ दिवसांनी पेटी आली. सुंदर होती, हातात घेतल्यावर गार आणि गुळगुळीत. माधवनं ती उलटसुलट फिरवली, मग हळूच म्हणाला, "हा तर आरशातला आहे रे." दिशांची बटणं उजवीकडे, फिरवायचं डावीकडे. सगळं नेमकं, एका केसाचाही फरक नाही, फक्त उलट. "तू सांगितलं होतंस ना चाचांना?" मी म्हटलं, "सांगितलं होतं की."

आम्ही दोघं लगेच स्कूटरवर भैरवगढला गेलो. चाचा अंगणात बसून ठोकत होते. माधवनं पेटी पुढे केली. त्यांनी ती बघितली, नक्शा बघितला आणि शांतपणे म्हणाले, "भैया, हमसे तो किसी ने कुछ कहा नहीं. हम ठप्पा समझे. कागज पलट के चिपकाया, जैसे हमेशा चिपकाते हैं. सीधा कोरेंगे तो छपेगा उल्टा. चालीस साल हो गए, अब हमारे हाथ को सीधा आता ही नहीं." माधवनं एकदाच माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा माणूस घड्याळाकडे बघतो तितकं. मग चाचांना म्हणाला, "गलती ड्राइंग की थी चाचा. मुझसे ही उल्टी हो गई. आपका काम तो एक नंबर है." परत येताना तो मागे बसून कुठल्या बटणाची तार कुठून फिरवायची याचा हिशेब मोठ्यानं करत होता. मी खोटं बोललो होतो त्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. आज वाटतं, त्यानं स्कूटरवरून उतरून मला दोन शिव्या घातल्या असत्या तर पुढचं कदाचित झालंच नसतं.

नवीन पेटी करायला वेळ नव्हता. चार दिवसांनी फ्रीगंजमधल्या एका हॉटेलात कंपनीची विक्रेत्यांची बैठक होती. सिंहस्थ जवळ आला होता, शहरात लाखो लोक येणार, प्रत्येकाला फोन लागणार, म्हणून दिल्लीहून मोठे साहेब स्वतः येणार होते. माधवनं सगळ्या तारा उलट्या जोडल्या आणि चार दिवस दुकानात बसून आपल्या अंगठ्यांना उलटं शिकवलं. "आता मला सरळ खेळताच येत नाहीये," म्हणाला, आणि हसला.

बैठक संपून जेवण सुरू झालं तेव्हा मी त्याला साहेबांपुढे नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रुमालात गुंडाळलेली पेटी. भोवती शहरातले सगळे दुकानदार हातात ताटं घेऊन. माधवनं नीट हिंदीत समजावलं, खेळ चालू केला, मला खूण केली. मी खिशातून रिंग दिली. तुकडा हवेत थांबला. रिंग बंद, तुकडा पडायला लागला. साहेबांच्या भुवया वर गेल्या. "अरे वाह." त्यांनी पेटी हातात घेतली... त्यांचा डावा अंगठा दिशा शोधायला गेला, तिथे फिरवायचं बटण. तुकडा तिथल्या तिथे गरगर फिरत खाली पडला. दुसरा, तिसरा. पाऊण मिनिटात भिंत वरपर्यंत. "ये उल्टा किसने बनाया?" कोणीतरी हसलं, मग सगळे हसले. मीही हसलो. मला ते माझं हसणं अजून ऐकू येतं. माधव म्हणाला, "सर, ड्राइंग मुझसे ही उल्टी हो गई." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. साहेबांनी पाठीचं झाकण उघडायला सांगितलं. त्यांना खरंच उत्सुकता होती असं मला आजही वाटतं. झाकण निघालं आणि बोर्डवर नमुना-सेटचा पिवळा कागद चिकटलेला दिसला. माधवनं तो काढला नव्हता. त्यात काही लपवायचं आहे हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. साहेबांचा आवाज बदलला. "ये तो हमारा डेमो पीस है. ये बाज़ार में बिकता नहीं. तुम्हारे पास कहाँ से आया?" माधव झाकण हातात धरून उभा. मग साहेब माझ्याकडे वळले. "दिलीप, तुम इसे लाए हो. कौन है ये आदमी?"

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. इंदूरच्या बढतीसाठी माझं नाव वर गेलं होतं, हे मला त्याच सकाळी कळलं होतं. ही कारणं आहेत, सबबी नाहीत... किंवा सबबीच आहेत. मी म्हणालो, "सर, यहीं के एक मैकेनिक हैं. डेमो पीस कहाँ से लाए, मुझे नहीं मालूम."

पंचवीस वर्षांच्या ओळखीतून मी 'एक मैकेनिक' एवढंच उचललं. माधवनं झाकण बसवलं, स्क्रू आवळले, चारही. मग म्हणाला, "कबाड़ी के यहाँ से लिया था सर. मुझे पता नहीं था." पेटी रुमालात गुंडाळली आणि गेला. माझ्यासाठी तो तिसऱ्यांदा खोटं बोलला होता. आणि त्याच संध्याकाळी, साहेबांनी कधी माझा फोन बघितला तर, या भीतीनं मी फोनमधलं 'माध्या' हे नाव पुसून त्या जागी 'मेकॅनिक फ्रीगंज' लिहिलं. नंतर किती फोन बदलले. दर वेळी ते नाव आपोआप पुढच्या फोनमधे आलं.

सर्व्हिस सेंटर दुसऱ्याला मिळालं. पण खरं नुकसान ते नव्हतं. बाजारात बोलणं पसरायला दिवस लागत नाही. ज्या दुकानदारांनी जेवणाची ताटं हातात धरून ते ऐकलं होतं, त्यांनी माधवकडे फोन पाठवणं बंद केलं. "पोतनीस के यहाँ मत देना, पता नहीं क्या निकाल ले." आणि ते फिरत फिरत अण्णांपर्यंत गेलं.

अण्णा माझ्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदाच. मी त्यांना आत बोलावलं, ते दारातच उभे राहिले. छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला. "दिलीप, तू तिथे होतास ना रे?" मी म्हटलं, "हो अण्णा." "माझ्या माधवनं कंपनीचा माल चोरला का? मला सरळ सांग. मी त्याला विचारलं तर तो म्हणतो, सोडा ना अण्णा. माझा मुलगा उत्तर टाळतो आहे, याचा अर्थ मी काय घ्यायचा?" ज्यांनी मला भूमिती शिकवली त्यांच्यासमोर मी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बढतीचा कागद हातात आला नव्हता आणि अण्णा सरळ कंपनीला पत्र लिहितील अशी मला धास्ती वाटली. त्यांनी लिहिलंच असतं. मी म्हणालो, "अण्णा, मी त्या वेळी हॉलच्या बाहेर होतो. मला नीट माहीत नाही." त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता. दोन वर्षांनी ते गेले. माधवच्या दुकानात ते शेवटपर्यंत आले नाहीत.

पुढच्याच महिन्यात मी इंदूरला गेलो. माधवशी संबंध तुटले असं कोणाला दिसलं नसतं. मी उज्जैनला गेलो की दुकानात जायचो, तो चहा मागवायचा, सुनीतावहिनींनी केलेले लाडू डब्यात असायचे. नंदिनी मोठी होत होती, मला दिलीपकाका म्हणत होती. त्यानं मला कधी टोमणा मारला नाही. फक्त दोन रिंगा पुन्हा कधी वाजल्या नाहीत. मी आपण होऊन गेलो तर चहा होता. बोलावणं मात्र बंद झालं. सुरुवातीला चार वाजले की माझा हात खिशाकडे जायचा.

मला त्याचा रागही यायचा, हेही कबूल करतो. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि ते खोटं त्यानं इतकं नीट सांभाळलं की ते फोडायचं कसं हेच मला समजेना. त्यानं भांडण केलं असतं तर मला माफी मागायला जागा झाली असती. फसवलं मी होतं, आणि तरी कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की त्यानंच मला काहीतरी नाकारलं आहे. विश्वासघात करणाऱ्याला वर हेही पाहिजे असतं, समोरच्यानं त्याचं ओझं उतरवून द्यावं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दुकानात बसलो होतो. कॉलेजातली नंदिनी कोपऱ्यात नव्या फोनवर काहीतरी खेळत होती. फोन वाजला. तिनं तो कट केला आणि खेळायला लागली. माधव हातातलं काम टाकून बघत होता. म्हणाला, "नंदू, परत दाखव." तिनं दाखवलं. "बघ," तो म्हणाला, "थांबला. मेला नाही." त्याच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता, जणू ते त्यानंच करून जगभर वाटलंय. मग एकदम तो खाली वाकून स्क्रू शोधायला लागला. स्क्रू पडलेला नव्हता. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चल, निघतो, बस चुकेल."

तेराव्यानंतर मी पुन्हा उज्जैनला गेलो. नंदिनी दुकान आवरत होती. ती इंजिनियर आहे, पुण्याला नोकरी करते; त्या दिवशी सुट्टीवर घरीच होती आणि तीच सुट्टी तिनं महिनाभर वाढवून घेतली होती. काउंटरवर ती पेटी होती. लाकूड काळसर झालेलं, दोन्ही अंगठ्यांच्या जागी झिजून चकचकीत. म्हणजे तो खेळत होता, इतकी वर्षं. नंदिनी नवीन बॅटरीच्या तारा जोडत होती. "बाबा म्हणायचे, हा त्यांचा सगळ्यात मोठा गाढवपणा. ड्राइंग उलटी काढली." तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. कागद, भैरवगढ, पिवळा कागद, 'एक मैकेनिक', अण्णा दारात उभे होते तेही. बोलताना मी काउंटरच्या काचेकडे बघत होतो. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र थांबला होता.

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ती म्हणाली, "हे आजोबांना सांगायचं होतं, काका."

बस एवढंच. मग तिनं माधवच्या फोनमधलं सिम काढलं, जुन्या खाचेत बसावं म्हणून चौकटीत घातलं, पेटीत सरकवलं. राखाडी पडदा उजळला. तिनं खेळ सुरू केला. तिचे अंगठे सरळ उलट्या बटणांवर गेले. लहानपणापासून तिला त्याच पेटीची सवय. "आता बाबांच्या नंबरवर रिंग द्या," ती म्हणाली. "बघू थांबतो का."

मी फोन काढला. नाव शोधताना ती शेजारी उभी होती. 'मेकॅनिक फ्रीगंज' तिनं वाचलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "बाबा मेकॅनिकच होते की, काका," आणि त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो मला अजून सोडत नाही.

मी बटण दाबलं. लाकडातून घरघर आली आणि अर्ध्यावर आलेला तुकडा हवेत थांबला. वरच्या छोट्या पडद्यावर माझा नंबर उमटला. नुसता नंबर. नाव नाही. मी तिला विचारलं, "माझं नाव नाहीये ह्यात?" ती म्हणाली, "सिममधे फक्त गॅसवाला, मेडिकल, असली नावं आहेत. आईचं नाही, माझंपण नाही. घरच्यांचे नंबर बाबांना पाठ होते, ते सेव्ह करत नसत." मग म्हणाली, "आणि ज्यांना फोन करायचाच नसेल, त्यांचेही नसतील करत. मला काय माहीत."

मलाही माहीत नाही. विचारायला तो नाही. विचारायला माझ्याकडे वीस वर्षं होती आणि सांगायला त्याच्याकडेही. आता एवढंच करता येतं की ज्या गावात ती गोष्ट पसरली त्या गावाच्या लोकांपुढे लिहून ठेवावं. तो नमुना-सेट मी दिला होता. नक्शा माधवनं सरळच काढला होता. माधव पोतनीसनं कोणाचंही काही चोरलं नाही.

पेटी वाजत होती. एक रिंग, दोन रिंगा... दोनावर मी थांबायला हवं होतं, आमची रीत तीच होती. पण माझ्यानं कट करवेना. तुकडा हवेत तसाच, ना खाली, ना वर. तिसरी झाली, चौथी झाली. नंदिनीचे अंगठे बटणांवर तयार होते.

"काका," ती म्हणाली, "कट करा ना. खेळ अडलाय."